गाडीवर गाडी

ऑक्टोबर छाटणीचा हंगाम सुरू झाला म्हणजे बार्शी, माढा, पंढरपूर या टापूतील रस्त्यांवरून जाणाऱ्याला एक दृश्य हमखास आढळते : एखाद्या पिकअपच्या हौद्यात छोटा ट्रॅक्टर उभा असतो, त्याची चाके दोरखंडांनी आणि साखळ्यांनी जखडलेली असतात, मागच्या बाजूस फवारणीचा ब्लोअर किंवा रोटाव्हेटर अडकविलेला असतो, आणि स्वतःच्या चाकांवर चालून जाण्यास समर्थ असलेले हे यंत्र दुसऱ्याच्या चाकांवर बसून एका बागेतून दुसऱ्या बागेकडे रवाना होत असते. गाड्यावर नाव आणि नावेवर गाडा, अशी म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. परंतु गाड्यावर गाडाच चढविण्याची पाळी ज्या कारागिरांवर, गाडीवानांवर आणि हमालांवर आली, त्यांचा वृत्तान्त सलगपणे कोणी लिहून ठेवलेला नाही, आणि गंमत अशी की त्या वृत्तान्ताची दोन ठळक प्रकरणे याच सोलापूर-परांड्याच्या मुलखात घडलेली आहेत.

वाहतुकीचा इतिहास लिहिणारे लोक रस्त्यांची लांबी मोजतात, पूल मोजतात, घाटांची वळणे मोजतात. पण जड वस्तूच्या प्रवासातील सर्वांत जोखमीचे अंतर रस्त्यावर नसतेच मुळी, ते जमीन आणि गाडीचा हौदा यांच्यामध्ये असते. हौदा जमिनीपासून तीन फूट उंच धरला आणि आठ फूट लांबीच्या फळ्या लावल्या, तर त्या फळ्यांची चढण सुमारे बावीस अंशांची होते. फळ्या बारा फुटी घेतल्या तरी ती साडेचौदा अंशांच्या खाली येत नाही, म्हणजे चार फूट पुढे जाताना एक फूट वर. बोरघाटातील लोहमार्गाची अतितीव्र चढण सदतीस फुटांस एक फूट एवढीच आहे, आणि तेवढ्यासाठीही आगगाडीला जादा इंजिने जोडावी लागतात, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या दोन फळ्यांवर आपण यंत्राकडून आणि माणसाकडून काय मागत असतो याची कल्पना येईल.

या मुलखातील अवजड प्रवासांपैकी सर्वांत नामांकित प्रवास परांड्याच्या किल्ल्यातून निघाला. निजामशाहीच्या अमदानीत अहमदनगर येथे मुहंमद बिन हुसेन रूमी या तुर्की कारागिराने १५४९ साली ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’, जिला आपले लोक मुलूखमैदान म्हणतात, ती तोफ परांड्यास होती. १६३२ साली आदिलशाहीच्या वतीने मुरार जगदेव याने ती विजापुरास नेली. तोफेचे वजन पंचावन्न टनांच्या घरात सांगतात. ती ओढण्यास दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, अशी परंपरागत हकीकत आहे, आणि तिच्या सोबत निघालेली ‘कडक बिजली’ नावाची दुसरी तोफ वाटेतल्या नदीत बुडाली, असेही सांगतात. हत्ती-बैलांचा आकडा कथेकऱ्याच्या तोंडी थोडा फुगला असेल. नदीची गोष्ट मात्र मला अगदी खरी वाटते, कारण अशा ओझ्याचा घात सपाट माळावर होत नाही, तो नदीच्या दरडीवर होतो. दरडीवरून उतरताना ओढणारे बैल निरुपयोगी असतात, किंबहुना अडचणीचेच असतात. तेथे मागून दोर धरून ओझे रोखणारी माणसे लागतात, आणि मोठ्या लवाजम्यात पुढे ओढणाऱ्यांचा भरणा नेहमी अधिक असतो.

विजापुरास पोचल्यावर ती तोफ बुरुजाच्या माथ्यावर चढवावी लागली, आणि आजही ती तेथेच आहे. मातीची लांबलचक उतरण रचून, लाकडी ओंडक्यांवरून सरकवीत, दर हाताभर अंतरावर मागे पाचर मारीत नेण्यावाचून त्या काळी दुसरा इलाज नव्हता. पुढे कंपनी सरकारच्या अमलात, १८५४ साली, साताऱ्याच्या कमिशनरने ती मोडीत काढण्याचा हुकूम केला तेव्हा लिलावात तिला दीडशे रुपयांपलीकडे बोली आली नाही आणि विक्री तहकूब झाली. पंचावन्न टन धातू दीडशे रुपयांत! बोली बोलणाऱ्यांनी धातूची किंमत केली नसावी. ते धूड बुरुजावरून खाली उतरविण्याचा खर्च त्यांनी मनातल्या मनात वजा केला असावा.

मराठ्यांच्या तोफखान्याची हीच अडचण होती. टिपूवरील मोहिमेत मराठी फौजांबरोबर असलेल्या मेजर डिरॉम या इंग्रज अधिकाऱ्याने त्या तोफखान्याचे जे वर्णन करून ठेवले आहे त्यात उपहास भरपूर आहे : गाडे बोजड, लोखंडाचा वापर जेमतेम, चाके बुटकी आणि जाड फळ्या जोडून केलेली, तोफांना देवादिकांची नावे आणि वर भडक रंगरंगोटी. पुढे बैलांच्या लांबच लांब रांगा आणि मागून डोक्याने रेटा देणारा हत्ती, हा देखावाही त्याने नोंदविला आहे. साहेबाला जे हास्यास्पद वाटले त्यातील दोन गोष्टी मला तरी शहाणपणाच्या वाटतात. बुटक्या चाकांमुळे गाडा चिखलात रुततो हे खरे, पण भाराचा गुरुत्वमध्य जमिनीलगत राहतो आणि दोन-तीन मणांची नव्हे, तर खंडीची वस्तू गाड्यावर घेताना ती कमी उचलावी लागते. आणि मागचा हत्ती हा तर त्या सगळ्या सरंजामातील मर्मज्ञ होता : चढणीवर जुंपलेला बैल थबकला तर गाडा मागे येतो, हत्ती थबकला तर गाडा जागच्या जागी राहतो.

त्या हत्तीची जागा पुढे वाफेने घेतली. सर जॉन माल्कमच्या कारकीर्दीत, १८३० साली, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि १८६३ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची रुळवाट त्याच घाटाने वर गेली; तेव्हापासून घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन लावण्याचा जो शिरस्ता पडला तो विजेच्या इंजिनांच्या काळातही मोडलेला नाही. कर्जतेस गाडी थांबते, प्रवासी वडापाव घेतात, आणि मागे बँकर इंजिने लागतात. ती ओढण्याच्या मदतीस येतात एवढेच प्रवाशांना ठाऊक असते. साखळी तुटली तर डबे मागे घरंगळू नयेत हाही त्यांचा उद्देश असतो, आणि उतरत्या गाडीचा ताबा सुटलाच तर तिला बगलेच्या चढत्या रुळावर घेऊन थोपविण्याची योजना घाटात वेगळी केलेली असते. चढविणाऱ्याने उतरण आधी पाहावी, हे शास्त्र रेल्वेच्या लोकांनी अपघात भोगून आत्मसात केले.

त्या रेल्वेच्या नोकरीत १८८२ साली एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर आला, आणि आपल्या विषयाचे दुसरे प्रकरण त्याच्या नावावर आहे. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण लोहमार्ग तिच्यापासून वीस-बावीस मैल दूर. तेथून माल बैलगाड्यांनी स्टेशनास येई. कॅल्थ्रॉपने अडीच फूट रुंदीचा बार्शी लाइट रेल्वेचा फाटा आखला, आणि १८९७ साली तो बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत सुरू झाला. प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, आणि इंजिनापासून डब्यापर्यंत सगळ्यांचा भार आसाआसावर सारखा वाटायचा, हे त्याचे सूत्र होते; ही सामग्री हिंदुस्थानात पाठविण्यापूर्वी त्याने लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरते रूळ टाकून तिची परीक्षा लोकांसमोर करून दाखविली. पुढे ही गाडी पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली आणि वारकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या तिच्यात कोंबून बसल्या, तो भाग निराळा.

बार्शीचा अनुभव गाठीशी घेऊन कॅल्थ्रॉपने इंग्लंडातील स्टॅफर्डशायर परगण्यात लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याचा तेवढ्याच रुंदीचा लोहमार्ग उभारला. तो १९०४ साली चालू झाला. तेथे त्याने जी युक्ती काढली ती आपल्या पिकअपवाल्यांनी कौतुकाने पाहावी अशी आहे. रुंद रुळांवरचा माल अरुंद रुळांवरच्या डब्यात भरताना दुहेरी हमाली पडते. ती टाळण्यासाठी त्याने जमिनीलगत झुकलेल्या, केवळ सांगाड्यासारख्या वाहक-गाड्या तयार करविल्या, आणि रुंद रुळांवरचा अख्खा भरलेला डबाच टोकाकडून ढकलून त्यांच्यावर चढविण्याची सोय केली. डबा वर आला की त्याची चाके खोबणीत बसत आणि तो जखडून टाकला जाई. चढण जवळजवळ नाहीच, कारण वरच्या रुळांची आणि सांगाड्याच्या खोबणीची पातळी एकमेकींशी जुळवलेली होती. फळ्यांची चढण सोसण्यापेक्षा हौदा खाली आणावा किंवा जमीन वर न्यावी, हा धडा कोणी इतक्या टापटिपीने गिरविल्याचे मला दुसरे उदाहरण ठाऊक नाही. या माणसाने उतारवयात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री बनविली. वर गेलेली वस्तू खाली सुखरूप कशी येईल याचा घोर त्याला जन्मभर लागलेला होता असे दिसते.

जमीन वर नेण्याचा प्रघात रेल्वेत त्याच्याही आधीपासून होता. फलाटाच्या टोकाशी मातीची व दगडाची उतरण बांधून ती थेट सपाट वॅगनच्या पृष्ठभागाला भिडवायची, म्हणजे अमीर-उमरावांच्या घोडागाड्या, पलटणीच्या तोफा आणि पुढे मोटारी चाकांवरच आत जात. आपल्या कित्येक जुन्या स्टेशनांच्या, विशेषतः छावण्यांजवळच्या स्टेशनांच्या, एका बाजूस असे धक्के अजून गवत वाढलेल्या स्थितीत आढळतात. अमेरिकेत १८७२ साली बार्नमच्या सर्कशीचा डेरा आगगाडीने हलविताना डब्ल्यू. सी. कूप या व्यवस्थापकाने हीच पद्धत रोजच्या रोज राबविली : एका टोकाला दोन फळ्या, वॅगन-वॅगनमधील फटींवर लोखंडी पत्रे, आणि सर्कशीचे गाडे घोड्यांनी ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन ओळीने उभे करायचे. उतरविताना मात्र घोडे नसत. एका खुंट्याला दोराचे वेढे देऊन, तो दोर कणाकणाने सैल सोडीत, एक माणूस गाडा खाली सोडी, आणि दुसरा ठोकळा घेऊन चाकाबरोबर चाले.

ट्रॅक्टर या कहाणीत आला तो एक नवाच दोष घेऊन. बैल जुंपलेला गाडा चढणीवर मागे घरंगळतो, पण तो पुढून उठत नाही. ट्रॅक्टरच्या इंजिनाची शक्ती मागच्या आसावर येते. चाके अडकली आणि इंजिनाचा जोर मात्र चालूच राहिला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धडच त्या आसाभोवती वर फिरते आणि पाठीवर पालथे होते. १९१७ साली डिअरबॉर्नहून बाहेर पडू लागलेला हेन्री फोर्डचा सव्वा टनी ‘फोर्डसन’ या बाबतीत कुप्रसिद्ध होता : नांगराचा फाळ दगडाला किंवा मुळाला अडला की पुढची चाके उठत, आणि उठणे ते उलटणे यांच्यामधील निर्णायक क्षण सुमारे पाऊण सेकंदाचा असल्यामुळे चालकाला क्लच दाबण्याचे सुचेपर्यंत खेळ आटोपलेला असे.

आयर्लंडच्या कृषिखात्याने त्याच वर्षी ट्रॅक्टरांच्या कामावर देखरेख करण्यास नेमलेल्या हॅरी फर्ग्युसन या यंत्रज्ञाने यावर आयुष्यभर विचार केला. नांगर साखळीने ओढायचा नाही, तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरच्या अंगालाच जोडायचा आणि द्रवदाबाने उचलायचा. म्हणजे फाळ अडला तर वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे-खाली दाबील. ही त्याची योजना १९३८ साली हेन्री फोर्डशी केवळ हस्तांदोलनावर ठरलेल्या करारातून १९३९ साली फोर्डच्या ‘९एन’मध्ये उतरली आणि १९४६ पासून कॉव्हेंट्रीत तयार होणाऱ्या करड्या ‘टीई २०’मुळे जगभर पसरली. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून. नांगरटीतला काळ अशा रीतीने टळला. पण फळीवरचा काळ त्या तीन दांड्यांनीच थोडा जवळ आणला. कारण मागे अधांतरी टांगलेले अवजार मागच्या आसावर भार घालते, पुढची चाके हलकी करते, आणि तसाच ट्रॅक्टर तोंड वर करून चढणीवर घातला तर फोर्डसनचा जुना रोग त्याला पुन्हा जडतो. फर्ग्युसनने शेत पाहिले होते. त्याचे यंत्र दुसऱ्याच्या हौद्यात चढून गावोगाव भाड्याने हिंडेल, हे त्याच्या हिशेबात नसावे.

आपल्याकडे ट्रॅक्टर लादण्याचे पहिले मोठे प्रकरण सरकारी होते. महायुद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने येथे सोडलेल्या ट्रॅक्टरांवर केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली, आणि मध्य हिंदुस्थानातील कांस नावाच्या खोल मुळ्यांच्या गवताखाली पडीक झालेली जमीन मोकळी करण्यासाठी १९४९ साली जागतिक बँकेने एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. ही यंत्रे पट्ट्यांवर चालणारी. त्यांना सडकेवर सोडले तर सडकही जाते आणि पट्टेही झिजतात, म्हणून ती रेल्वेच्या सपाट वॅगनांवर आणि चाकांमध्ये खोल बसविलेल्या बुटक्या ट्रेलरांवरच न्यावी लागत. डिरॉमने हसण्यावारी नेलेली बुटकी चाके दीडशे वर्षांनी पोलादाची होऊन परत आली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने मुंबईत महिंद्रांचा ट्रॅक्टर-उद्योग उभा राहिला आणि ‘बी-२७५’ गावोगाव दिसू लागला. तो आपल्या पायांनी चालत गेला, त्याला कोणी लादला नाही. लादण्याचा धंदा वाढला तो पंधरा-वीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरांमुळे. जपानातील भातखाचरांसाठी असली यंत्रे घडली, कुबोटा कंपनीने १९६९ साली एकवीस अश्वशक्तीचा आपला ‘एल २००’ अमेरिकेत नेला, आणि आपल्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या ओळींतून, मांडवाखालून, मोठे धूड फिरवता येत नाही म्हणून त्यांना मागणी आली. असा ट्रॅक्टर सात-आठशे किलोंचा, रस्त्यावर मंद, आणि मालक एक तर बागा अनेक. तेव्हा पिकअप आलीच.

जाणते लोक ही चढाई कशी करतात ते पाहण्यासारखे असते. माढ्याकडच्या एका बागेत चाललेले हे काम पाहिले, त्यात फळ्यांचा उपयोग नाममात्र होता. पिकअप बांधाच्या उंच अंगाला मागून लावलेली, तिचा हौदा आणि बांधाचा माथा यांत वीतभर उंचीचा फरक राहिलेला, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी धोंडे. गाडीचा मालक विशीचा, आणि त्याचे चुलते, ज्यांना सगळे तात्या म्हणत होते, ते हौद्याच्या बाजूला चार हात दूर उभे. “आधी रोटर सोड,” तात्यांनी सांगितले, तेव्हा रोटाव्हेटर काढून वेगळा ठेवला गेला. ट्रॅक्टर वळवून त्याचे तोंड बागेकडे आणि पाठ हौद्याकडे केली. “उलटाच घे. बारका गिअर टाक. क्लचला पाय लावू नको आता.” मग फक्त हाताची खूण : येऊ दे, येऊ दे, जरा डावं मार, बास. मागची मोठी चाके आधी हौद्यात गेली, पुढची पाठोपाठ. एवढ्या वेळात कोणी फळ्यांच्या खालच्या अंगाला गेला नाही. एक पोर तिकडे निघाले तेव्हा तात्यांनी त्याला असा आवाज दिला की बांधावरची कुत्रीसुद्धा उठली.

उलटे चढविण्यामागचे कारण वर येऊन गेलेच आहे : जड बाजू चढणीच्या माथ्याकडे राहते आणि इंजिनाचा उलटा जोर पुढच्या चाकांना उठवण्याऐवजी जमिनीवर दाबतो. क्लच अर्धवट चढणीवर दाबला तर यंत्र मोकळे होऊन खाली धावते, म्हणून तो पाय आधीच दूर. ट्रेलर असेल तर तो ओढणाऱ्या गाडीला जोडल्यावाचून त्यावर काही चढवायचे नाही, कारण मागच्या टोकावर वजन येताच त्याची दांडी आभाळाकडे जाते; आणि चढल्यावर भाराचा मोठा हिस्सा आसाच्या थोडा पुढे यावा लागतो, इतका की एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी दांडीवर पडेल. तो मागे राहिला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो, आणि ते हलणे ब्रेक दाबून थांबत नाही. फळ्या हौद्याला साखळीने बांधलेल्या असाव्या लागतात, नाहीतर चाकाचा रेटा त्यांनाच मागे फेकतो. पावसात ओल्या झालेल्या लाकडी फळीवर तर कोणी शहाणा जात नाही.

स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांवर चालकाच्या डोक्यामागे भक्कम लोखंडी कमान सक्तीची केली, आणि तेथील उलटून होणारे मृत्यू काही दशकांत जवळजवळ नाहीसे झाले. बागेतल्या ट्रॅक्टरांना ही कमान असते तेव्हा ती बहुधा दुमडती असते, कारण वेलींच्या मांडवाखाली ती आडवी येते. ती दुमडलेलीच ठेवून फळीवर जाण्याची जी खोड पडली आहे तिचे समर्थन करता येणार नाही. मांडव मागे राहिलेला असतो, खीळ काढून कमान उभी करण्यास मिनिटसुद्धा लागत नाही, आणि कमान उभी असेल तरच पट्टा बांधण्यात अर्थ असतो. माढ्याच्या त्या ट्रॅक्टरला कमान नव्हतीच. तात्यांनी इंजिन बंद करवून हँडब्रेक ओढवून घेतला, गिअर तसाच ठेवला, चारही कोपऱ्यांतून साखळ्या तिरप्या, एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ताणल्या, रोटाव्हेटर पुढच्या अंगाला वेगळा बांधला, आणि पुतण्याला बजावले की अनगरच्या फाट्याला गाडी थांबवून सगळ्या साखळ्या पुन्हा हाताने ओढून बघायच्या, कारण टायर दबले की पहिल्या दोन-तीन मैलांतच त्या सैल पडतात.